स्वयंसेवी संगणन प्रकल्पांतील सहभागाचा चढउतार कसा वाचावा

२०२० च्या मार्च महिन्यात दोन घटना शेजारीशेजारी घडल्या. पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणाऱ्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथून चालणाऱ्या 'सेटी ॲट होम' या प्रकल्पाने ३१ मार्चला स्वयंसेवकांच्या संगणकांना नवे काम पाठवणे थांबवले. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २५ मार्चला, प्रथिनांच्या रेणूंना घड्या कशा पडतात याचा अभ्यास करणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम'ची एकूण गणनक्षमता एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या, पलीकडे गेली. एका प्रकल्पाचा आलेख शून्याकडे निघाला आणि दुसऱ्याचा भिंतीसारखा उभा चढला. पहिल्या प्रकल्पाला लोक कंटाळले होते आणि दुसरा अचानक लोकांच्या पसंतीस उतरला होता, असा अर्थ यावरून कोणी काढला तर तो दोन्हीकडे चुकेल. पहिला थांबवण्याचा निर्णय शास्त्रज्ञांनी घेतला होता, आणि दुसऱ्यात त्या दिवसांत येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी अनेकांना करायला कामच मिळत नव्हते.

घरातला किंवा प्रयोगशाळेतला संगणक रिकामा असताना त्याची ताकद शास्त्रीय कामाला देणारे, अशा लोकांचा गट चालवणारे, आणि आपण ज्या प्रकल्पात आहोत तो पुढच्या वर्षी असेल का ही चिंता असणारे, अशा सर्वांसाठी हे लिहिले आहे. मी काही वर्षे एका लहान गटाची आकडेवारी दरमहा वहीत उतरवत आलो आहे, आणि त्या वहीने मला जे शिकवले ते एवढेच, की माणसे येतात ती बहुधा बाहेरच्या कारणाने आणि टिकतात किंवा जातात ती बहुधा प्रकल्पाच्या आतल्या कारणाने. ही दोन कारणे एकाच रेषेत मिसळलेली असल्यामुळे ती वेगळी करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आधी आकडा कोणता, हे ठरवावे

'सहभाग' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे आकडे वावरत असतात. पहिला आकडा आजवर नाव नोंदवलेल्यांचा. हा कधीच कमी होत नाही, म्हणून चढउतार पाहण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. सेटी ॲट होममध्ये त्याच्या एकूण आयुष्यात ५० लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला, हे खरे आहे. पण त्यांतील बहुतेक जण कोणत्याही एका दिवशी तेथे नव्हते. दुसरा आकडा अलीकडच्या काही आठवड्यांत निदान एक काम पूर्ण करून पाठवणाऱ्यांचा, म्हणजे क्रियाशील स्वयंसेवकांचा. तिसरा आकडा प्रत्यक्ष झालेल्या गणनाचा.

दुसरा आणि तिसरा आकडा नेहमी हातात हात घालून चालतात असे नाही, आणि खरी माहिती त्या दोघांमधल्या अंतरातच असते. मर्सेन मूळसंख्या, म्हणजे दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळसंख्या, शोधणाऱ्या 'गिम्प्स' या प्रकल्पाचे उदाहरण घ्यावे. तो जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला आणि आजही चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या सापडली. ती शोधणाऱ्या एका स्वयंसेवकाने १७ देशांतील माहितीकेंद्रांमधली भाड्याची ग्राफिक कार्डे एकत्र जोडली होती. अशा वेळी गणनाचा आलेख चढलेला दिसतो, परंतु माणसांचा आलेख होता तेथेच असू शकतो. उलट, घरोघरचे शंभर जुने संगणक आले तर माणसांचा आलेख उंचावतो आणि गणनात त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून वहीत दोन स्तंभ आखावेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज कधी बांधू नये.

बॉइंक या, स्वयंसेवकांच्या संगणकांना काम वाटणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सेटी ॲट होमच्याच मंडळींनी, डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली, २००२ पासून ही प्रणाली विकसित केली आणि आज अनेक प्रकल्प तिच्यावर चालतात. तीत पूर्ण केलेल्या कामाबद्दल क्रेडिट, म्हणजे गुण, मिळतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'अलीकडचे सरासरी क्रेडिट' दाखवले जाते. ही साधी सरासरी नसते. काम पूर्ण थांबले तर हा आकडा दर आठवड्याला निम्मा होत जातो. त्यामुळे गटातले सर्व संगणक एका सोमवारी एकदम बंद पडले, तरी आलेखावर खोल खड्डा न दिसता दोन-तीन आठवडे चाललेली संथ घसरण दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की लोक हळूहळू निघून जात आहेत. सुरुवातीची दोन वर्षे मी हीच चूक करत होतो. प्रयोगशाळेचा विजेचा मुख्य स्वीच कोणीतरी बंद केलेला असे, आणि मी मात्र मुलांचा उत्साह का ओसरला याची कारणे शोधत बसे. शंका आली तर सरासरी बाजूला ठेवून एकूण क्रेडिटची रोजची वाढ पाहावी. खरी तारीख तेथे सापडते.

क्रेडिट मिळण्यास उशीर का होतो, हेही लक्षात घ्यावे. अनोळखी संगणकाचे उत्तर खरे मानता येत नाही, म्हणून अनेक प्रकल्प एकच काम दोन वेगळ्या स्वयंसेवकांना देतात आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच दोघांना क्रेडिट देतात. तुमचा संगणक आज काम संपवतो, परंतु जोडीदाराचा संगणक दहा दिवसांनी उत्तर पाठवतो. आलेख असा नेहमी वास्तवाच्या काही पावले मागे चालतो.

चढण दिसली की तिची तारीख शोधावी

सहभाग एकदम वाढतो तेव्हा त्यामागे जवळजवळ नेहमी एखादी तारीख सांगता येते. आलेखाशेजारी कॅलेंडर ठेवून त्या आठवड्यात काय घडले होते ते लिहावे. सेटी ॲट होम १७ मे १९९९ ला खुला झाला, तेव्हा घराघरांत इंटरनेट नुकते पोहोचत होते. प्वेर्तो रिकोतील आरेसिबो येथल्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेले संकेत आपल्या टेबलावरचा संगणक तपासतो, आणि स्क्रीनसेव्हरच्या रंगीत शिखरांतून ते काम डोळ्यांना दिसते, ही कल्पनाच लोकांना ओढून आणणारी होती. पहिल्या दिवसांत सर्व्हर अपुरा पडला. फोल्डिंग ॲट होमची २००७ मधील उडी वेगळ्या प्रकारची होती. त्या वर्षी मार्चमध्ये प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रावर हा कार्यक्रम उपलब्ध झाला आणि सप्टेंबरमध्ये प्रकल्पाने एक पेटाफ्लॉपची, म्हणजे एक्साफ्लॉपच्या हजाराव्या भागाची, पातळी ओलांडली. पुढच्या काही वर्षांत दीड कोटींहून अधिक वापरकर्त्यांनी त्या यंत्रावरून हातभार लावला. २०२० मधील उडी तिसऱ्या प्रकारची होती: जगभर लोक घरांत अडकले होते, हातांना काम नव्हते, मनात भीती होती, आणि विषाणूच्या प्रथिनांवर चाललेल्या कामात आपणही काही करू शकतो असे कोणीतरी सांगत होते. महामारीपूर्वी सुमारे ३०,००० यंत्रांवर चालणारा प्रकल्प काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक यंत्रांपर्यंत पोहोचला.

या तिन्ही चढणी एका मापाने मोजता येत नाहीत. कुतूहलाने आलेला माणूस स्क्रीनसेव्हर जुना होईपर्यंत राहतो. यंत्रामुळे आलेला माणूस ते यंत्र किंवा त्यावरची सोय असेपर्यंत राहतो. प्लेस्टेशनवरील सोय नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाली आणि त्या दाराने आलेल्यांसाठी दारच उरले नाही. संकटामुळे आलेला माणूस संकटाची धार बोथट होईपर्यंत राहतो, आणि यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. म्हणून चढणीची नोंद करताना तिच्याशेजारी कुतूहल, यंत्र किंवा संकट यांपैकी एक शब्द लिहून ठेवावा. उतार केव्हा आणि किती तीव्र येईल याचा बराचसा अंदाज त्या एका शब्दात असतो.

प्रसारमाध्यमांनी आणलेल्या लाटेचे एक बोधप्रद उदाहरण हवामानाच्या क्षेत्रातले आहे. ऑक्सफर्डहून चालणाऱ्या 'क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट' या प्रकल्पाने २००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीबरोबर एक मोठा प्रयोग सुरू केला. त्यात प्रत्येक संगणकाने १९२० ते २०८० या १६० वर्षांचे हवामान चालवून पाहायचे होते आणि त्या वेळच्या घरगुती संगणकाला त्यासाठी कित्येक महिने लागत. एप्रिलमध्ये मॉडेलला पुरवलेल्या एका फाइलमध्ये चूक असल्याचे लक्षात आले, आणि दोन महिने चाललेले काम पुन्हा सुरू करावे लागले. आयोजकांनी ही गोष्ट लपवली नाही, जाहीर सांगितली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तरीही नुकत्याच आलेल्या माणसाला 'पुन्हा पहिल्यापासून' हे ऐकावे लागणे किती जड जाते, याची कल्पना कोणालाही करता येईल.

उतार दिसला की प्रथम कामाचा पुरवठा तपासावा

सर्वांत जास्त गैरसमज येथे होतात, म्हणून या भागाला मी अधिक जागा देत आहे. सहभाग घटला की 'लोकांचा रस संपला' हे कारण सर्वांत आधी सुचते, आणि माझ्या अनुभवात ते सर्वांत शेवटी तपासण्यासारखे असते. प्रथम पाहावे ते हे, की त्या दिवसांत सर्व्हरकडे वाटायला काम होते की नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये फोल्डिंग ॲट होमकडे माणसांचा लोंढा आला तेव्हा कामाचे तुकडे तयार करणारी आणि वाटणारी यंत्रणा त्या लोंढ्याच्या मानाने फार लहान होती. संगणक चालू आहे, कार्यक्रम बसवला आहे, परंतु पडद्यावर 'कामाची वाट पाहत आहे' एवढेच दिसते, ही अवस्था तेव्हा अनेकांनी अनुभवली. नवी माणसे नेमकी या पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरवतात की राहायचे की नाही. कित्येकदा पुढच्या घसरणीचे बी असे चढणीतच पेरलेले असते. यावरून गट चालवणाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे: ज्या आठवड्यात बातमी गाजत असते, त्या आठवड्यात आपल्या नव्या सभासदांना आधीच सांगून ठेवावे की काम मिळायला वेळ लागेल, आणि तोवर दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाचे काम घ्यावे.

बॉइंकमध्ये हे सहज जमते, कारण एका संगणकावर अनेक प्रकल्प जोडून प्रत्येकाला किती वाटा द्यायचा ते ठरवता येते, आणि एखाद्या प्रकल्पाचा वाटा शून्य ठेवला तर इतरांकडे काम नसतानाच तो पुढे येतो. मात्र याच सोयीमुळे आलेख वाचणे अवघड होते. सेटी ॲट होमचा सर्व्हर दर मंगळवारी देखभालीसाठी बंद राहत असे. अशा वेळी दुसरा प्रकल्प जोडून ठेवलेले संगणक तेथील काम उचलत. एका प्रकल्पाची घट ही अशी दुसऱ्याची वाढ असू शकते, त्यामुळे एकट्या प्रकल्पाचा आलेख पाहून कधीही निष्कर्ष काढू नये. निदान दोन-तीन शेजारी प्रकल्पांचे आलेख त्याच कालमापावर मांडून पाहावेत. सर्वांत एकाच वेळी घट दिसली तर कारण बाहेरचे असते, एकातच दिसली तर आतले.

आणखी एक तांत्रिक कारण आहे. काम मागूनही मिळाले नाही तर बॉइंकचा कार्यक्रम पुन्हा विचारण्याआधी थोडा थांबतो, पुन्हा नकार मिळाला तर त्याहून अधिक थांबतो, आणि हे अंतर वाढत जाते. सर्व्हरवर एकाच क्षणी लाखो संगणकांनी गर्दी करू नये म्हणून ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. तिचा परिणाम असा, की सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही सर्व संगणक एकाच वेळी परतत नाहीत. सर्व्हर परतल्यानंतरचे पहिले काही दिवस वगळूनच तुलना करावी.

पुरवठा दीर्घकाळ तुटला तर काय होते, याचे उदाहरण 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' आहे. आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवण्याचे जाहीर झाले आणि २०२२ मधील स्थलांतरात त्याचे काम काही महिने बंद राहिले. इतका काळ संगणक मोकळा ठेवण्याची कोणाची तयारी नसते. लोक दुसरीकडे जोडले जातात, आणि जुना प्रकल्प परत आला हे त्यांतील सर्वांच्या कानांवर पडतेच असे नाही. त्यांनी प्रकल्प नाकारलेला नसतो, फक्त सवय मोडलेली असते, आणि मोडलेली सवय पुन्हा जोडण्यासाठी कोणीतरी निरोप पाठवावा लागतो.

कार्यप्रणाली बदलणे हाही असाच एक सांधा असतो. सेटी ॲट होमची बॉइंकवरील आवृत्ती २००४ मध्ये आली आणि जुनी पद्धत डिसेंबर २००५ मध्ये बंद झाली. नवा कार्यक्रम उतरवून घेणे, खाते जोडणे, अधिक गुंतागुंतीची मांडणी समजून घेणे आणि जुन्या कामाची मोजणी नव्या क्रेडिटमध्ये धरली जात नाही हे स्वीकारणे, एवढे सर्व स्वयंसेवकाला करावे लागत होते. ज्याने १९९९ मध्ये एकदा स्क्रीनसेव्हर बसवला आणि पुन्हा त्याकडे पाहिले नाही, असा माणूस अशा सांध्यावर गळतो. याउलट गिम्प्सचा प्राइम९५ हा कार्यक्रम १९९६ पासून त्याच ओळखीने चालत आला आहे, आणि त्या प्रकल्पाच्या दीर्घायुष्यात या सातत्याचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

वीज, ऊन आणि कामाचा आकार

या प्रकल्पांची मूळ कल्पना 'वाया जाणारी ताकद वापरा' अशी होती, आणि १९९९ मध्ये ती बरीचशी खरी होती, कारण तेव्हाचे संगणक रिकामे असतानाही बऱ्यापैकी वीज खात असत. आजचे प्रोसेसर काम नसले की स्वतःचा वेग कमी करतात आणि जवळजवळ झोपी जातात. त्यामुळे आज दिलेली गणनक्षमता ही फुकटची उरलेली वस्तू राहिलेली नाही. ती विकत घेतलेल्या विजेतून केलेली देणगी आहे. कोणत्याही दीर्घकालीन उताराचा विचार करताना हा बदल विसरू नये. टेबलावरच्या संगणकांची जागा लॅपटॉपने आणि मग मोबाइलने घेतली, स्क्रीनसेव्हर ही वस्तूच नाहीशी झाली, आणि अहोरात्र चालू राहणारा घरगुती संगणक दुर्मीळ झाला.

हिशेब मांडून पाहावा. कामामुळे संगणकाचा वापर १०० वॅटने वाढत असेल आणि तो अहोरात्र चालत असेल, तर महिन्याला ७२ युनिट वाढतात. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्यांचे आहेत, आणि १०० युनिटांच्या पुढचा टप्पा पहिल्यापेक्षा बराच महाग आहे. महिना ८० युनिट वापरणारे घर या एका संगणकामुळे १५२ युनिटांवर जाते आणि वरच्या टप्प्यात शिरते. गटात नवा सभासद घेताना मी हा हिशेब त्याच्या घरच्यांसमोर मांडतो, कारण पहिले वाढीव बिल आल्यावर संगणक बंद होतो तो कायमचाच. रोज रात्रीचे सहा तास आणि प्रोसेसरचे निम्मे भाग एवढेच देणारा सभासद तीन वर्षे टिकतो; सर्व काही देणारा दोन महिन्यांत थकतो. कोणत्या वेळी चालवायचे आणि प्रोसेसरचा किती भाग द्यायचा, या दोन्ही मर्यादा बॉइंकच्या पसंतींमध्ये घालता येतात, आणि नव्या माणसासाठी त्या पहिल्याच दिवशी घालून द्याव्यात.

ऋतूचा परिणामही याच वाटेने येतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात चालणारा संगणक खोली थोडी गरम ठेवतो आणि उन्हाळ्यात तोच नकोसा होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतील यंत्राचा पंखा आरडाओरडा करू लागतो, त्याच वेळी परीक्षा आणि सुट्टीमुळे प्रयोगशाळा बंद असते. या कारणाने मेची तुलना डिसेंबरशी करू नये. मेची तुलना मागच्या वर्षीच्या मेशी करावी.

कामाच्या तुकड्याचा आकारही सहभाग ठरवतो. काही तासांत संपणारे काम असले की अधूनमधून संगणक चालवणाऱ्यालाही 'माझे एक पूर्ण झाले' हे समाधान मिळते. महिनोन् महिने चालणारे काम मध्येच सोडले जाण्याची शक्यता जास्त, आणि सोडलेले काम मुदत संपेपर्यंत अडकून राहते व मग दुसऱ्याला द्यावे लागते. गिम्प्समध्ये एका संख्येच्या चाचणीला साध्या संगणकावर बराच काळ लागतो, आणि पूर्वी तीच चाचणी पडताळणीसाठी दुसऱ्याने पुन्हा पूर्ण करावी लागे. २०२० मध्ये त्या प्रकल्पाने अशी पद्धत आणली की चाचणीबरोबर तिचा पुरावाही तयार होतो आणि तो तपासायला मूळ कामाच्या तुलनेत नगण्य श्रम लागतात. माणसे तेवढीच असतानाही उपयोगी काम जवळजवळ दुप्पट होण्याचा हा मार्ग होता. सहभागाचा आलेख सपाट दिसतो म्हणून प्रकल्प थांबला आहे असे म्हणण्याआधी अशा सुधारणा शोधाव्यात.

क्रेडिट, स्पर्धा आणि शोधाचा क्षण

क्रेडिटला पैशाचे मोल नाही, तरीही ते लोकांना बांधून ठेवते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. विशेषतः गटाच्या नावाने मिळवलेले क्रेडिट. 'बॉइंक पेंटॅथलॉन' ही संघांची स्पर्धा एका जर्मन संघाच्या पुढाकाराने २०१० पासून भरते आणि ती मेमध्ये असते. स्पर्धेच्या आधी काही संघ पूर्ण झालेली कामे संगणकात रोखून ठेवतात आणि स्पर्धा सुरू होताच एकदम पाठवतात. याला तेथे बंकर भरणे म्हणतात. परिणामी आलेखावर आधी एक खोटा खळगा दिसतो, मग उंच सुळका, आणि मग पुन्हा पूर्वीची पातळी. हे कळले नसेल तर खळगा पाहून घाबरायला होते आणि सुळका पाहून उगाच आनंद होतो. स्पर्धेचे दिवस वहीत वेगळ्या शाईने लिहावेत आणि सरासरी काढताना ते वगळावेत.

शोधाच्या बातमीचा परिणाम याहून खोल असतो. गुरुत्वीय लहरी आणि पल्सार, म्हणजे वेगाने फिरत नियमित स्पंद पाठवणारे मृत तारे, शोधणाऱ्या 'आइन्स्टाइन ॲट होम'ला, जो २००५ पासून चालू आहे, २०१० मध्ये आरेसिबोच्याच नोंदींतून एक नवा पल्सार सापडला. तो ज्या संगणकांनी शोधला ते अमेरिकेतील आयोवाचे एक दांपत्य आणि जर्मनीतील एक स्वयंसेवक यांचे होते, आणि त्यांचा शोधकर्ते म्हणून उल्लेख झाला. लक्षावधी संगणकांत आपला एक संगणक कोठे लागतो, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर नाही. त्या प्रकल्पाचे नाते आपल्या भूमीशीही आहे: तो गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ज्या लायगो वेधशाळांच्या नोंदी तपासतो, त्यांची भारतातील बहीण हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहणार आहे, आणि २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. आमच्या गटात आइन्स्टाइन ॲट होम सर्वांत जास्त टिकला, याचे कारण मला येथेच दिसते. औंढा नागनाथला जाऊन आलेल्या मुलाला हे काम कोणाचे आहे ते समजावून सांगावे लागत नाही.

शोध लागत नाही अशा दीर्घ काळात माणसांना धरून ठेवते ती पोच. आपण पाठवलेल्या कामाचे पुढे काय झाले हे प्रकल्पाने साध्या भाषेत सांगितले तर लोक वर्षानुवर्षे थांबतात. गिम्प्सला डिसेंबर २०१८ नंतर जवळजवळ सहा वर्षे एकही नवी मूळसंख्या मिळाली नाही, तरी काम चालू राहिले, कारण तेथे प्रत्येक 'नाही' हेसुद्धा नोंदले जाते आणि ते कोणी मिळवले ते दिसते.

थांबलेला प्रकल्प आणि खचलेला प्रकल्प

आलेख शून्यावर आला म्हणजे अपयश आले असे समजू नये. 'डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट'च्या स्वयंसेवकांनी आरसी५ या संकेतलेखन पद्धतीची ६४ बिटांची गुप्त किल्ली १,७५७ दिवसांच्या कामानंतर २००२ मध्ये शोधली, आणि ते काम तेथे संपले. त्याच वर्षी सुरू झालेले ७२ बिटांचे काम कितीतरी पटींनी मोठे आहे, शेवट डोळ्यांसमोर नाही, आणि किल्ली शोधणाऱ्यासाठी पारितोषिक ठेवणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये ते मागे घेतले. तेथे उरलेली माणसे निव्वळ निष्ठेने उरली आहेत. सेटी ॲट होमने काम वाटणे थांबवताना सांगितले, की आवश्यक त्या नोंदींचे विश्लेषण झाले आहे आणि आता जमलेल्या निष्कर्षांचा पुढचा अभ्यास करायला वेळ हवा आहे. हा पूर्ण झालेला टप्पा आहे. 'सेव्हन्टीन ऑर बस्ट' या मूळसंख्यांच्या प्रकल्पाचा सर्व्हर २०१६ मध्ये गेला तेव्हा त्याचे काम 'प्राइमग्रिड' या मूळसंख्या शोधणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाने पुढे नेले, आणि त्याच वर्षी त्या शोधातील एक मोठी मूळसंख्या मिळालीही. म्हणजे प्रकल्प बुडतो आणि काम वाचते, असेही होते.

खचलेला प्रकल्प ओळखण्याची माझी खूण वेगळी आहे. संचालकांचे निवेदन कित्येक महिने आलेले नाही, काम मिळते परंतु उत्तरे तपासली न जाता पडून राहतात, प्रलंबित क्रेडिटचा ढीग वाढत जातो, आणि जुने सभासदही प्रश्न विचारायचे थांबवतात. या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर सहभागाचा आकडा अजून बरा दिसत असला तरी गटाचा मुख्य वाटा दुसरीकडे हलवावा.

हलवतानाही घाईने कार्यक्रम काढून टाकू नये. प्रथम त्या प्रकल्पासाठी 'नवे काम नको' ही सूचना द्यावी, हातात असलेली कामे पूर्ण होऊन सर्व्हरवर पोहोचू द्यावीत, आणि मगच प्रकल्प वेगळा करावा. अर्धवट टाकलेले प्रत्येक काम मुदत संपेपर्यंत कोणाच्या तरी दुसऱ्या संगणकाला उत्तर जुळण्याची वाट पाहायला लावते. आमच्या वहीत शेवटच्या स्तंभात म्हणूनच 'निघताना किती कामे परत केली' असा एक आकडा असतो, आणि तो शून्य असलेला सभासद निघून गेला तर मी त्याला फोन करून कारण विचारतो.